उष्णता अडते कुठे?

ग्राफिक्स कार्ड तापते, अशी तक्रार करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एकच आकडा असतो. पडद्यावर ८४ अंश सेल्सिअस दिसतात, कुठल्याशा परदेशी चाचणीत तेच कार्ड ७२ अंशांवर चाललेले असते, आणि आपले कार्ड बिघडले असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो. या पुस्तकाची सगळी मांडणी त्या घाईच्या विरोधात आहे. ती चाचणी २१ अंशांच्या खोलीत झाली असेल आणि मे महिन्यातल्या दुपारी आपली खोली ३३ अंशांवर असेल, तर दोन्हीकडे कार्ड खोलीपेक्षा ५१ अंशांनीच वर आहे. म्हणजे दोन्ही कार्डे सारखीच धडधाकट आहेत. उलट जानेवारीच्या पहाटे २० अंशांच्या खोलीत ८० अंशांवर गेलेले कार्ड दिसायला सुरक्षित असले, तरी तिथला फरक ६० अंशांचा आहे, आणि तोच फरक घेऊन ते मे महिन्यात ९३ अंशांवर पोचणार आहे. पाहायचा तो हा फरक. चिपमध्ये निर्माण झालेली उष्णता खोलीतल्या हवेपर्यंत जाताना वाटेत कुठे आणि किती अडते, यावर तो ठरतो. कार्डाची तपासणी म्हणजे ती अडण्याची जागा शोधणे. पंखा बदला, पेस्ट बदला, एसी लावा, हे सगळे सल्ले त्यानंतरचे.

हा विषय मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. उष्णता निर्माण करणे सोपे आणि ती वेळेवर बाहेर काढणे अवघड, हे या देशात सर्वांत आधी आणि सर्वांत गांभीर्याने ज्या जागी अभ्यासले गेले त्यांपैकी ट्रॉम्बे एक आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी इथे सुरू झालेली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी पाण्याच्या तलावातच बसवलेली होती, आणि तेच पाणी तिला थंडही ठेवत होते. १९६० साली ४० मेगावॉटची ‘सायरस’ आली, १९८५ साली १०० मेगावॉटची ‘ध्रुव’. क्षमता वाढत गेली तशी उष्णतेची वाटही टप्प्याटप्प्यांची होत गेली: इंधनाच्या कांडीतून तिच्या आवरणात, आवरणातून शीतकात, आणि अखेर खाडीच्या खाऱ्या पाण्यात. ‘ध्रुव’ची सुरुवात या दृष्टीने शिकवणारी आहे. शीतकाच्या प्रवाहाने इंधनाच्या जुड्या प्रमाणाबाहेर कंप पावू लागल्या, दोष नेमका कुठे आहे ते शोधून रचनेत बदल करावे लागले, आणि भट्टी पूर्ण क्षमतेने चालायला १९८८ साल उजाडले. प्रवाह भरपूर होता. अडचण त्या प्रवाहाच्या वागण्यात होती. टेबलाखालच्या कॅबिनेटमधले ३०० वॉटचे कार्ड आणि १०० मेगावॉटची भट्टी यांत शक्तीचे अंतर तीन लाख पटींहून जास्त आहे, जोखमीचे अंतर तर मोजण्यापलीकडचे. तरीही प्रश्नाचा आकार एकच आहे, आणि हे नाते केवळ कल्पनेतले नाही. आजच्या प्रत्येक मोठ्या कार्डावर दिसणाऱ्या तांब्याच्या हीट पाइप १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांच्या कामातून आकाराला आल्या. अंतराळात वापरायच्या अणुऊर्जेची उष्णता वाहून न्यायला काहीतरी हवे होते, त्यातून.

कार्डाच्या आत ही वाट कशी असते, ते एकदा नीट समजले की अर्धी भीती जाते. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर उष्णता जन्मते. तिथून ती पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकच्या तळाशी, तळातून हीट पाइपमध्ये, पाइपमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये, पट्ट्यांमधून पंख्याने ढकललेल्या हवेत, ती हवा कॅबिनेटमध्ये, आणि कॅबिनेटमधून खोलीत जाते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट असते. पेस्टची वाहकता तांब्याच्या पुढे अगदी किरकोळ असली तरी हवेच्या शेकडो पट असते. पेस्टचे काम एवढेच, की चिप आणि हीटसिंक यांच्या पृष्ठांमधल्या सूक्ष्म खड्ड्यांत हवा राहू नये. म्हणून जास्त पेस्ट लावून जास्त थंडावा मिळत नाही. थर जाड झाला की तोच अडथळा होतो. मेमरीच्या चिपा आणि वीजपुरवठ्याचे भाग यांची वाट वेगळी, त्यांच्यावर पेस्टऐवजी मऊ पॅड असतात. चिपचे तापमान ७० अंशांवर समाधानाने उभे असताना मेमरी १०० च्या पुढे गेलेली असू शकते, ती याचमुळे. ज्याने फक्त पहिला आकडा पाहिला त्याला हे कधी कळतच नाही.

या वाटेचा इतिहास फार जुना नाही. १९९६ साली आलेल्या ३डीएफएक्सच्या पहिल्या वूडू कार्डावर हीटसिंकसुद्धा नव्हता. १९९९ सालच्या जीफोर्स २५६ वर छोटा पंखा आला, आणि २००३ साली जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका मोठा आवाज करत होता की कार्डाच्या कामगिरीपेक्षा त्या आवाजाचीच चर्चा जास्त झाली. त्याच सुमारास एक खोल बदल घडत होता. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे त्यांना लागणारे व्होल्टेजही कमी होईल आणि क्षेत्रफळामागची उष्णता वाढणार नाही, हे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेले गणित तीस वर्षे चालले, आणि २००५ च्या आसपास थांबले. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र त्या वेगाने उतरेना. त्यानंतरचे आकडे बोलके आहेत: २०१० च्या जीटीएक्स ४८० ला २५० वॉट, २०२० च्या आरटीएक्स ३०९० ला ३५०, २०२२ च्या ४०९० ला ४५०, आणि २०२५ च्या ५०९० ला ५७५ वॉट. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॉट घेता येतात. बाकीची सगळी वीज वेगळ्या तारांनी येते, आणि जेवढी येते तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडावी लागते.

ही उष्णता कशी काढावी याबद्दल हौशी आणि व्यावसायिक मंडळींत ढोबळमानाने चार मते रुजली. पहिले मत हवेचे: कॅबिनेटमध्ये वारा नीट खेळवा, समोरून थंड हवा घ्या, मागून आणि वरून गरम हवा सोडा. दुसरे संपर्काचे: पेस्ट, पॅड, स्क्रूंचा समान दाब, आणि धाडसी लोकांसाठी द्रवधातू. तिसरे पाण्याचे. पाणी उष्णता थांबवत नाही, ती फक्त सोयीच्या जागी नेते. शेवटी रेडिएटरलाही खोलीतलीच हवा लागते, आणि घरगुती कार्डासाठी पाणी आवश्यक असते असे मला वाटत नाही. मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात चिपपर्यंत द्रव नेऊन थंड करण्याची पद्धत वापरली गेली, कारण तिथे एकेका कपाटात दाटलेली उष्णता नुसत्या वाऱ्याला पेलवत नाही. चौथे मत सर्वांत उशिरा आले आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे: उष्णता निर्माणच कमी करा. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तोच वेग राखून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवता आले, तर त्या भागाची उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. कारखान्यातून निघणारी कार्डे त्यांतल्या सर्वांत दुबळ्या चिपलाही पुरेल एवढे व्होल्टेज धरून चालतात, म्हणून बऱ्याच कार्डांत ही सवड खरोखर असते. मात्र या चारही मतांचे पुरस्कर्ते एक चूक सारखीच करतात: दोष कुठे आहे हे पाहण्याआधी आपले औषध देतात. कॅबिनेटची हवा कोंडलेली असताना पेस्ट बदलणे व्यर्थ आहे. पेस्ट सुकलेली असताना तीन पंखे वाढवून आवाज तेवढा वाढतो.

निदान आधी आणि उपाय नंतर, हा क्रम किती महत्त्वाचा आहे ते २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांनी दाखवले. काही कार्डांत चिपचे सरासरी तापमान ठीक आणि सर्वांत तप्त बिंदूचे तापमान मात्र ११० अंश, असे दिसू लागले. हा तप्त बिंदू वेगळा दाखवण्याची सोय त्याच कंपनीने २०१९ पासून आपल्या कार्डांत दिली होती. निरोगी कार्डात हे अंतर साधारण १० ते २० अंश राहते. पेस्ट बदलूनही उपयोग होईना. मग तपासणाऱ्यांनी कार्ड उभे-आडवे फिरवून पाहिले, तर स्थिती बदलताच तापमान बदलले. पेस्टला गुरुत्वाकर्षणाचे सोयरसुतक नसते, पाण्याला असते. संशय हीटसिंकच्या तळातल्या वाफेच्या बंद पेटीवर गेला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मान्य केले की काही कार्डांच्या त्या पेट्यांत पाणी पुरेसे भरलेले नव्हते. महागडे उपकरण लागले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलते ते पाहायचे, एवढ्यावर दोष पकडला गेला.

आता आपल्या हवेकडे यायला हवे, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन थंड, कोरड्या, वातानुकूलित खोल्या गृहीत धरून झाले आहे. मुंबईच्या दमटपणामुळे कार्ड जास्त तापते, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. दमट हवेत माणसाचा जीव कासावीस होतो तो घाम वाळत नाही म्हणून. कार्डाला घाम येत नाही. ३३ अंशांची दमट हवा आणि ३३ अंशांची कोरडी हवा कार्डाला जवळपास सारख्याच. त्या हिशेबाने चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी कार्डाची परीक्षा मुंबईपेक्षा कितीतरी कठीण असते. तिथे डेझर्ट कूलर लावून खोली उतरवता येते. कोकणपट्टीवर त्याचा उपयोग नाही. दमटपणाचे नुकसान वेगळ्या, संथ वाटेने होते. ओलसर हवेत धूळ कोरडी राहत नाही. स्वयंपाकघरातला तेलकट धूर, समुद्राकडचे मीठ आणि रस्त्यावरची बारीक माती मिळून हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो, आणि तो पंख्याच्या बाजूने असल्यामुळे बाहेरून दिसतही नाही. नुसत्या ब्लोअरने तो पूर्ण निघत नाही. शिवाय ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली नाहीत, तर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

ट्रॉम्बे, माहुल, चेंबूर या पट्ट्यात यात आणखी एक भर पडते. १९५० च्या दशकापासून इथे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे आहेत, खताचा कारखाना आहे, औष्णिक वीजकेंद्र आहे. माहुल-आंबापाड्याच्या हवेचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तो अर्थातच तिथे राहणाऱ्या माणसांच्या श्वासासाठी, आणि त्या प्रश्नापुढे संगणकाचे दुखणे क्षुल्लक आहे. पण गंधकयुक्त वायू चांदी आणि तांबे खातात, हे रसायनशास्त्र यंत्रालाही लागू पडते. डेटा सेंटरसाठी अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेने घालून दिलेली मर्यादा पाहिली की याची नजाकत कळते: हवेत ठेवलेल्या तांब्याच्या पट्टीवर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीच्या पट्टीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त गंज चढू नये. घरात हे कोणी मोजत नाही, मोजण्याची गरजही नाही. पण जुने कार्ड उघडल्यावर तांब्यावर हिरवट झाक आणि पट्ट्यांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसली, तर तिथे धातूंचा एकमेकांशी असलेला संपर्क कमजोर झाला असू शकतो, आणि अशा कार्डाला पेस्टने फारसा फरक पडणार नाही, हे ओळखता आले पाहिजे.

खोलीचा प्रश्नही इथला वेगळा आहे. वाटेचे शेवटचे टोक खोली आहे, आणि उपनगरांतल्या अनेक घरांत ती खोली दहा बाय दहाची असते. तिच्यात जेमतेम तीस किलो हवा मावते. संगणक ४०० वॉट ओतत असेल, दारे-खिडक्या बंद असतील आणि ती सगळी उष्णता फक्त हवेनेच सोसायची असती, तर खोली दर मिनिटाला पाऊण अंशाहून अधिक तापली असती. भिंती, फरशी आणि सामान बरीच उष्णता शोषून घेतात म्हणून इतके होत नाही, पण तासाभराच्या खेळानंतर खोली तीन-चार अंशांनी चढणे मुळीच असामान्य नाही. कॅबिनेटमध्येही हाच हिशेब. ४०० वॉट बाहेर नेताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ३५ लिटर हवा आरपार जायला हवी. वारा निम्मा झाला की आतली हवा २० अंशांनी तापते आणि कार्डाच्या पंख्याला तीच ऊन हवा ओढावी लागते. संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी केलेला लाकडी कप्पा, मागची बाजू भिंतीला टेकलेली, समोर काचेचे दार: यात वारा निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून, तेच काम तितकाच वेळ चालवून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी आहे. आकडा ठळकपणे उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. जागचा हलला नाही तर कार्डाकडे वळायचे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एसी लावला की सगळे प्रश्न सुटतात, मग एवढी मोजमापे कशाला? एसीने खोली ३३ वरून २५ वर आली तर कार्डही साधारण आठ अंशांनी उतरेल, हे खरे आहे. पण फरक जिथल्या तिथे राहतो. सुकलेली पेस्ट सुकलेलीच असते, आणि वीज गेल्यावर किंवा बिल पाहून एसी बंद केल्यावर ती पुन्हा समोर येते. दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक आहे. आधुनिक कार्ड मर्यादा ओलांडू लागले की आपणच वेग कमी करते. २०१३ चे आर९ २९०एक्स तर ९५ अंशांवर राहूनच काम करावे अशा बेताने बनवले होते. मग काळजी कसली? हे स्वसंरक्षण मोलाचे आहे यात शंका नाही. पण त्याच्यामुळे तापमान मर्यादेवर थबकते आणि दोष वेगात लपतो: आकडा स्थिर दिसतो, काम मात्र हळू होत जाते, आणि माणूस नवीन कार्ड घ्यायला निघतो. शिवाय तापणे आणि निवणे यांच्या सततच्या चक्रात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या पदार्थांचे जोड थकतात. २००८ साली एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या जोडकामातील कमकुवत पदार्थांपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. तिसरी शंका मी स्वतःच जोडतो: ‘खोली आणि कार्ड यांतला फरक’ हे मापही निखळ नाही. खोली तापली की पंखा जोरात फिरतो आणि फरक थोडा घटतो. चिप तापली की तिची गळती वीज वाढते आणि फरक थोडा वाढतो. म्हणून पंख्याचा वेग आणि प्रत्यक्ष वॉट यांच्यासह नोंदलेला फरकच तुलनेला घ्यायचा.

हे आजच लिहिले जाणे का गरजेचे होते, तेही सांगायला हवे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर नाणी खोदण्याची पद्धत सोडली, आणि महिनोन्महिने अखंड चाललेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून जुने कार्ड घेणाऱ्याला त्याची मेमरी कोणत्या तापमानावर चालते हे विचारण्याचे भान असणे म्हणजे थेट पैशांचा प्रश्न आहे. दुसरीकडे वास्तुरचनेचे, ॲनिमेशनचे विद्यार्थी रात्रभर रेंडर लावतात, घरच्या कार्डावर भाषेची प्रारूपे चालवतात. खेळ तासाभरात संपतो, ही कामे संपत नाहीत. कार्डाची किंमत अनेक घरांत महिन्याच्या उत्पन्नाएवढी किंवा त्याहून अधिक असते, आणि दुरुस्त होऊ शकणारे कार्ड फेकले गेले तर घराचे आणि परिसराचेही नुकसान होते. मराठीत या विषयावर सलग, क्रमवार वाचायला मिळणे हा असे कार्ड वापरणाऱ्या माणसाचा हक्क आहे असे मी मानतो.

पुस्तकाने स्वीकारलेला क्रम बाहेरून आत जाणारा आहे, आणि त्यामागे वॉरंटीची काळजीही आहे. कार्ड उघडायला शिकवून वाचकाला संकटात टाकू नये, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. पण त्यावरचा उपाय माहिती दडवणे हा नाही. खोलीत थर्मामीटर ठेवणे, जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फोवर चिप, तप्त बिंदू, मेमरी, पंखा आणि वॉट एकत्र नोंदणे, झाकण काढून पाहणे, टेबलाच्या कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढणे, धूळ साफ करणे, वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून काय होते ते बघणे: यातल्या कशानेही वॉरंटीच्या स्टिकरला धक्का लागत नाही, आणि कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. पेस्ट आणि पॅड यांची पाळी त्यानंतर येते, तीही पॅडची जाडी अचूक माहीत असेल तरच. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापते. चिप उपटून पुन्हा बसवणे, वीजपुरवठ्याचे भाग बदलणे, लॅपटॉप उघडणे हे विषय इथे मुद्दाम घेतलेले नाहीत; ती कामे सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअर स्टेशन हाताळणाऱ्या कारागिराची आहेत. त्याच्याकडे जायची वेळ आलीच, तर परिशिष्टातला नोंदीचा तक्ता भरून सोबत न्यावा. त्यात पहिला रकाना खोलीच्या तापमानाचा आहे, आणि तो रिकामा असेल तर पुढचे आकडे लिहू नयेत अशी सूचना तक्त्याच्या डोक्यावरच छापली आहे.